सरूबाईचं हळदीचं लुगडं

तिवरपाड्यात मूल जन्माला आलं की सुईण आधी सरूबाईकडे माणूस पाठवायची आणि मग बाळाच्या बापाला कळवायची. बापाचं काय, तो कुठे पळून जात नाही. समुद्रावर गेला असला तर भरतीबरोबर येतोच. लुगडं मात्र वेळेवर पोचायला हवं. सरूबाईच्या लग्नात हळदीला नेसलेलं ते पिवळं सुती लुगडं धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालं होतं. आठ बाळंतपणं आणि आठही मुलं जिवंत, अशी दुसरी बाई पाड्यात नव्हती. तेव्हा तिच्या लुगड्यात नवं बाळ पाचवीपर्यंत गुंडाळून ठेवायचं, म्हणजे तेही तगतं, असा पाड्याचा नेम पडून गेला होता. पाचवी पूजली की लुगडं धुऊन, वर नारळ ठेवून परत यायचं.

माणसाला कशाचा गर्व होईल सांगता येत नाही. सरूबाईला घराचा नव्हता, नवऱ्याच्या होडीचा नव्हता, बोरीवलीच्या बाजारात तिच्या पाटीभोवती जमणाऱ्या गिऱ्हाइकांचाही नव्हता. त्यांना तर ती अशी काही झाडायची की सुरमई हातात घेऊन उभी असलेली पार्ल्याची पाहुणी बाईसुद्धा मुकाट निघून जायची. गर्व होता तो त्या लुगड्याचा. आधी ती ते कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची. एका वर्षी झुरळांनी पदर कुरतडला तेव्हा तिच्या जिवाचं पाणी झालं, आणि तिने बाजारातून डांबरगोळ्या आणून मूठभर पत्र्याच्या पेटीत टाकल्या. तेव्हापासून पेटी उघडली की डोळ्यांत पाणी यायचं आणि सगळ्या घराला तो वास लागायचा. पाड्यातल्या बायकांनाही तो आवडला. माशांच्या वासात जन्म गेलेल्यांना तो शहाण्या, शिकलेल्या घराचा वास वाटला, आणि हळूहळू घराघरांतल्या पेट्यांमध्ये त्या पांढऱ्या गोळ्या जाऊन बसल्या.

तिवरपाडा म्हणजे बोरीवलीच्या खाडीपलीकडे तिवरांत दडलेली तीसेक घरं. स्टेशनपासून रिक्षा, मग होडी, आणि ओहोटी असली तर शेवटी गुडघाभर चिखल. एवढ्या यातायातीने तिथे सोयरीक करायला येणार कोण? मुली द्यायच्या आणि करायच्या त्या पाड्यातच, फार तर खाडीच्या तोंडाशी असलेल्या शेजारच्या वस्तीत. सरूबाईनेही धाकट्या भिकाजीसाठी आपल्याच भावाची, रामचंद्राची मुलगी सून म्हणून आणली. माहेरचं माणूस घरात येणार म्हणून लग्नात ती सगळ्यांच्या आधी नाचायला उठली होती.

सुनेचं नाव सगुणा. पहिला मुलगा झाला, सरूबाईच्या लुगड्यात गुंडाळला गेला, पिवळा पडला आणि पाचवीच्या आधीच गेला. सरूबाई ऊर बडवून रडली. दुसराही तसाच गेला, आणि या वेळी मात्र ती रडायची थांबून बोलायला लागली. विहिरीवर बोलली, बाजारात बोलली, होडीत बसल्या बसल्या बोलली. माझ्या लुगड्यात पाड्याची पोरं वाढली, हिचीच तेवढी जातात, म्हणजे हिच्याच ओटीत काहीतरी आहे, असं ती सगुणाच्या देखत म्हणायची. स्वतःच्या भावाच्या मुलीबद्दल. इथे सरूबाईची बाजू घ्यावी असं मला अजिबात वाटत नाही. सगुणा मान खाली घालून मासे साफ करत राहायची. आत्या सासू झाली की ती आत्या राहत नाही, एवढं तिला पहिल्या वर्षातच कळलं होतं.

खरं तर लुगड्यातली सगळीच पोरं वाढली होती असंही नाही. शेजारच्या प्रेमाचा पहिला मुलगा गेला होता, पलीकडच्या आळीतही एक-दोन गेले होते. सगळे मुलगेच, सगळे पिवळे पडून. पण तगलेली मुलं अंगणात धावताना दिसतात आणि गेलेली दिसत नाहीत, त्यामुळे लुगड्याचं नाव खराब झालं नाही. उलट प्रेमाची सासू जानकी दर वर्षी नारळी पौर्णिमेला सरूबाईला जोडीचे पापलेट आणून द्यायची. तुझ्या लुगड्याची सोबत तरी होती पोराला, म्हणायची.

शहाऐंशी साली शिमग्याच्या सुमाराला सगुणाला तिसऱ्यांदा मुलगा झाला, आणि सरूबाईने ठरवलं की या वेळी सटवीलाच फसवायचं. मुलगा झालाच नाही, मुलगी झाली. नाव धोंडी. गालाला काजळाचं बोट, अंगात झालरीचं झबलं, पाचवीला नाक टोचायचं, आणि पाच वर्षांचा होईपर्यंत कोणी त्याला मुलगा म्हणायचं नाही. पाड्याला खरं काय ते सुईणीकडून घटकाभरातच कळलं. पण अशा घरात माहीत असलं तरी सोकरीच, म्हणजे मुलगीच म्हणायचं, ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. तान्ह्या मुलाच्या जिवासाठी सगळा पाडा एका सुरात खोटं बोलायला तयार झाला, आणि यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं.

वावगं झालं ते वनमालामुळे. ही विलेपार्ल्याची मुलगी, मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या कामावर होती. जिथे लोक आपापसांतच लग्नं करतात अशा लहान वस्त्यांत जाऊन तान्ह्या मुलांच्या टाचेला बारीकशी सुई टोचायची, रक्ताचा ठिपका टिपकागदावर घ्यायचा आणि तो कॉलेजात नेऊन एका खास दिव्याखाली तपासायचा, असं ते काम. ठिपका निळसर चमकला तर ठीक. चमकलाच नाही तर रक्तात जन्माचीच एक कमतरता आहे, ती आईबापांकडून आलेली आहे, आणि त्या मुलाला काही औषधांपासून, काही वस्तूंपासून जपायला हवं. या कमतरतेचा फटका जास्त करून मुलग्यांना बसतो, आणि तपासणीचं रसायन बेताचंच मिळायचं, म्हणून वनमाला फक्त मुलग्यांचं रक्त घ्यायची. बायका तिला चहा द्यायच्या, तिच्या चिखलाने भरलेल्या सँडलला हसायच्या, पण टाच पुढे करताना अंग चोरायच्या. पाड्याच्या रक्तात खोट निघाली तर मुलींना पत्करणार कोण, ही धास्ती प्रत्येकीला होती.

ती आली तेव्हा सरूबाई ओट्यावर बसली होती, मांडीवर पिवळ्या लुगड्यातलं गाठोडं. शेजारी दिवस भरलेली प्रेमा पाय पसरून बसली होती. वनमालाने विचारलं, काय झालं?

"सोकरी हाय," सरूबाई म्हणाली.

वनमालाने प्रेमाकडे पाहिलं. प्रेमानेही मान डोलावली आणि सोकरीच आहे म्हणून सांगितलं. आत भिंतीला टेकून बसलेल्या सगुणाच्या तोंडापर्यंत शब्द आले होते. पण दोन मुलगे घालवलेल्या बाईने तिसऱ्याच्या वेळी सासूचा नेम मोडायचा आणि मग काही झालं तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? ती गप्प राहिली. वनमालाने बाळाच्या गालाला बोट लावलं. डांबरगोळ्यांचा वास तिलाही आला, पण ज्याचा ठिपका काळा राहील त्याच्या घरी काय काय टाळायचं ते सांगायचं, बाकीच्यांना उगाच घाबरवायचं नाही, असा तिच्या कामाचा शिरस्ता होता. शिवाय ही तर मुलगी. खाली होडीवाला हाका मारत होता. ती गेली.

दुसऱ्या दिवशी बाळ प्यायचं मंदावलं. झोपायला लागलं, उठवलं तरी डोळा उघडेना. सरूबाई म्हणाली, शहाणी आहे माझी धोंडी, त्रास देत नाही. अंग पिवळसर दिसत होतं, पण पिवळ्या लुगड्यात कोणाचंही पोर पिवळंच दिसणार. सगुणाने मात्र तेल लावायच्या निमित्ताने त्याला लुगड्यातून मोकळं केलं आणि दारात उजेडात धरलं. तळपाय पिवळे होते. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा होता. खालच्या फडक्यावर कोऱ्या चहासारखा डाग होता. तो डाग तिने आधी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा ते फडकं सासूच्या सांगण्यावरून मुकाट्याने धुतलं होतं.

सरूबाईने लगेच काविळीची माळ आणायला माणूस पाठवायचं काढलं. सगुणा उठली, केस बांधले, पायांत चपला घातल्या. म्हणाली, मी होडीला चालले. सरूबाई तिला आडवी झाली. ओली बाळंतीण, अंगाला विटाळ, पाचवी व्हायची आहे, अशात उंबरा ओलांडतात का, म्हणून तिने आवाज चढवला. आजूबाजूच्या दारांत बायका आल्या.

"आधीच्या दोनी येलंला नाय ओलांडला, आत्या," सगुणा म्हणाली.

 सरूबाई बाजूला झाली, आणि मग सुनेच्या मागून निघाली. खाडीवर वारा होता. बाळाला गार लागू नये म्हणून तिने स्वतःच्या हाताने त्याला पुन्हा लुगड्यात गुंडाळलं, तोंडावरही पदर घेतला.

बोरीवलीच्या बाजूच्या मोठ्या दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतल्या माणसाने विचारलं, मुलगा की मुलगी? सरूबाईने सवयीने मुलगी सांगितलं. आत डॉक्टरीणबाईंनी टेबलावर बाळ ठेवून लुगडं सोडलं, एकदा केसपेपरकडे पाहिलं आणि एकदा सरूबाईकडे.

"आजी, हा मुलगा आहे."

खोलीत इतर बायका होत्या, त्यांची पोरं होती, नर्स होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. भर बाजारात पोलिसाशी भांडणारी सरूबाई त्या टेबलापाशी उभी राहिली आणि तिला पदर कुठे धरावा ते समजेना. बरं, नेम सांगावा तर सटवीचं नाव तिथे त्या पांढऱ्या फरशीवर तोंडातून निघेना. पाड्यात जे शहाणपण होतं ते खाडीच्या अलीकडे येता येता निव्वळ अडाणीपणा झालं होतं, आणि तिला स्वतःलाही ते तसंच दिसायला लागलं होतं. तिला शरमेने धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टरीणबाईंना मात्र हसायला वेळ नव्हता. त्यांनी लुगडं नाकाशी नेलं आणि ते लगेच बाहेर न्यायला सांगितलं. हे कुठे ठेवलं होतं, यात डांबरगोळ्या कोणी घातल्या, बाळ यात किती वेळ होतं, असं त्या भराभर विचारायला लागल्या. सरूबाई भिंतीकडे एक पाऊल सरकली. लुगड्याचा काही दोष आहे हे तिला अजून नीट उमगलंही नव्हतं, पण विचारण्याचा सूर कळला होता.

"माजे पेटीतला हाय," सगुणा म्हणाली. "मीच ठेवल्या गोल्या."

डॉक्टरीणबाई तिला बोलल्या. फार काही वाईट बोलल्या नाहीत, पण जेवढं बोलल्या तेवढं सगुणाने खाली मान घालून ऐकून घेतलं. सरूबाई बाजूला उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं, माझं आहे ते. तेवढं तिला बोलता आलं नाही. पुढे बाळाला आत नेलं, त्याचं रक्त बदलायचं ठरलं, आणि दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. दोघींच्या मध्ये लुगड्याचं बोचकं. सरूबाईने दोनदा सगुणाकडे पाहिलं. सगुणाने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून वनमाला आली. बाळाचं रक्त बदलण्याआधी घेतलेला ठिपका डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाठवला होता आणि तो चमकला नव्हता. ती बाकावर येऊन बसली. मग सरूबाईला म्हणाली, तुम्ही मुलगी सांगितलीत. आवाजात राग नव्हता. त्या दिवशी आपणही लुगडं बाजूला करून पाहिलं नाही, होडीची घाई केली, हे तिला आत खात होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तिने दोघींना समजेल असं सांगितलं. बाळाच्या रक्तात एक गोष्ट जन्मापासून कमी आहे. एरवी त्याचं काही बिघडत नाही, मूल धडधाकट वाढतं. पण डांबरगोळ्यांचा वास आणि अंश अंगात गेला की अशा मुलाचं रक्त आतल्या आत फुटायला लागतं, आणि मग कावीळ. हिवतापाच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं. मग तिने विचारलं, घरात कोणाला हिवतापाच्या गोळ्या खाल्ल्यावर काळी लघवी झाली होती का?

"माज्या बापसाला," सगुणा म्हणाली. मागे हिवतापाची साथ आली तेव्हा रामचंद्राला गोळ्या दिल्या होत्या, तो पिवळाजर्द झाला होता, घरच्यांनी आशा सोडली होती, आणि गोळ्या बंद झाल्यावर तो आपोआप बरा झाला होता. वनमालाने मान हलवली. म्हणजे हे बापाकडून सगुणाकडे आणि सगुणाकडून मुलांकडे आलं, ती म्हणाली.

आणि त्या क्षणी सरूबाईला काय वाटलं असेल, तर हायसं. हिच्याच ओटीतलं निघालं. मी म्हणत होते ते खरं. ते हायसं वाटणं तिच्या चेहऱ्यावर उमटलं आणि सगुणाने ते पाहिलं. पण वनमाला बोलतच होती. रामचंद्राकडे ते त्याच्या आईकडून आलं असणार, ती म्हणाली, कारण मुलग्याला हे आईकडूनच मिळतं. त्याच्या बहिणींच्या रक्तातही असू शकतं. त्याला बहिणी आहेत का?

 सगुणाने नुसतं सरूबाईकडे पाहिलं.

आई तर एकच होती. आता सरूबाईची अक्कल सावकाश, एकेक पायरी उतरायला लागली. आपल्याही रक्तात ते असेल. आपली आठ मुलं जगली ती आपल्या पुण्याईने नाहीत. तेव्हा पेटीत कडुनिंब होता, एवढंच. भाऊ साठीचा झाला, जाळी ओढतो आहे, म्हणजे नुसतं रक्त कोणाला मारत नाही. सगुणाचे दोन मुलगे रक्ताने गेले नाहीत. ते लुगड्याने गेले, त्या गोळ्यांनी गेले, आणि मग आपण त्यांच्या आईला पाड्याच्या विहिरीवर उभं करून... इथे ती थांबली. यापुढचं तिला मनातल्या मनातही म्हणवेना. आतापर्यंत लोकांच्या देखत वाटली ती लाज काहीच नव्हती. ही कोणी बघत नसतानाची होती.

संध्याकाळी भिकाजी आला. बाळाने डोळे उघडले होते, दूध ओढायला लागलं होतं. काविळीच्या निळ्या दिव्याखाली उघडंनागडं पडलेलं आपलं पोर काचेतून पाहून तो गडी डोळे पुसायला लागला. मग पाड्याच्या बातम्या सांगायला लागला. सकाळी प्रेमा बाळंत झाली, मुलगा झाला. जानकीकाकी लुगडं मागायला आली होती. लुगडं तर इथे, मग त्याने पेटीतलं आईचं दुसरं जुनं पातळ काढून दिलं. तेही आईच्याच अंगाचं, म्हणून जानकीकाकी खूश होऊन घेऊन गेली.

अजून बाकावरच असलेली वनमाला ताडकन उभी राहिली. ते कापड आत्ताच्या आत्ता काढायला हवं, ती म्हणाली. रक्त मी उद्या सकाळी येऊन घेते, पण कापड आज. आणि घरात गोळ्या असतील तर त्याही बाहेर. भिकाजी निघालाच होता. जाऊन सांगतो म्हणाला, आईला पातळ हवं आहे, परत द्या.

किती सोपं होतं. भिकाजी जाईल, काहीतरी कारण सांगून पातळ परत आणेल, कोणाला काही कळणार नाही. प्रेमाचं बाळ वाचेल आणि सरूबाईचं नावही. ती बाकावरून हलली नाही, भिकाजीला जा म्हणून खूण करायला तिने हातही उचलला होता.

"डॉक्टरीणबायला मी खोटा सांगितला, आत्या," सगुणा म्हणाली. "प्रेमाला तरी खोटा नको सांगू."

हात तसाच राहिला. मग सरूबाई उठली, भिकाजीला बाळापाशी बसवलं आणि एकटीच निघाली.

होडीत तिने कारणं जुळवली. सुनेचं बोलणं पटलं म्हणून माणूस लगेच धीराचं होत नाही. पातळ नवसाचं आहे म्हणावं. डॉक्टरांनी तपासायला मागितलं आहे म्हणावं. गोळ्यांचं पुढे कधीतरी सावकाश सांगता येईल. होडी काठाला लागेपर्यंत दोन-तीन चांगली कारणं तयार होती, आणि चिखलातून चालताना ती त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं ते ठरवत होती.

प्रेमाच्या घरात दिवा लागला होता. जानकीने तिला पाहताच पाट मांडला, धोंडी कशी आहे विचारलं. बरी आहे म्हणत सरूबाई सरळ बाजेपाशी गेली, प्रेमाच्या कुशीतून बाळ उचललं आणि पातळ सोडून बाजूला टाकलं. जानकी बघत राहिली. सरूबाई म्हणाली की पातळ तिला हवं आहे. नवसाचं आहे, भिकाजीला माहीत नव्हतं.

जानकीचा चेहरा उतरला. मग कठीण झाला. दुसऱ्यांच्या पोरांना चालतं ते आमच्याच पोराला का नाही, असं ती हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आधीचं गेलं म्हणून आता आमच्या पोराला लुगडंही लागू द्यायचं नाही का? सरूबाईने सगुणाला जे म्हटलं होतं तेच आता आपल्याला म्हटलं जातंय, असं जानकीला वाटत होतं. आणि बोलता बोलता तिने उघड्या बाळासाठी आपली पेटी उघडली. तिचं झाकण वर झालं आणि तोच वास खोलीत पसरला.

सरूबाईने पेटीचं झाकण दाणकन खाली आपटलं. जानकीची बोटं थोडक्यात वाचली.

आणि मग ती बोलली. बाळाला छातीशी धरून उभ्या उभ्या बोलली. गोळ्यांचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं, सगुणाच्या दोन्ही मुलांचं सांगितलं. धोंडी हा मुलगा आहे आणि आपण वनमालाला खोटं सांगून त्याला मरणाच्या दारात नेलं होतं, हेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंचे बोल सगुणाने स्वतःवर घेतले आणि आपण तोंड उघडलं नाही, हे कोणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. तिचा बाजारात घुमणारा आवाज घोगरा झाला होता.  दारात आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यातली एक आपल्या तान्ह्याला घेऊन तशीच मागे फिरली आणि पळत घरी गेली.

प्रेमाने हात पुढे केले. सरूबाईने बाळ तिच्याकडे दिलं. घरात बिनवासाचं कापड नव्हतं, तेव्हा प्रेमाने अंगावरच्या लुगड्याच्या पदरातच त्याला घेतलं. बराच वेळ ती त्याच्या पावलांकडे बघत होती. पावलं अजून लाल होती.

"मंग माजा पयला?" तिने विचारलं.

"त्योबी," सरूबाई म्हणाली.

शिव्या येतील, म्हणून सरूबाईने अंग आवळून धरलं होतं. शिव्या तिला चालल्या असत्या. केस धरून ओढलं असतं तरी चाललं असतं. रस्ताभर जुळवलेल्या कारणांखाली तिने खरी तयारी त्याचीच केली होती.

"त्यो रडायचा," प्रेमा म्हणाली. "मना वाटायचा, त्याला गार लागतंय. मी त्याला तुजे लुगऱ्यात आनखी घट्ट गुंडालायची."

 जानकीने मांडलेला पाट तसाच रिकामा पडला होता. सरूबाई त्यावर बसली नाही, आणि दाराकडेही वळली नाही. तिला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.